सीझन संपला की स्वतःकडे बघते

पत्र आलंय मालवणजवळच्या एका गावातून. लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या आहेत, नवरा-बायको मिळून घरगुती खानावळ आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतात. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर तीन महिन्यांची शुगर ६.१ आली, बीपी १३६/८८. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण बॉर्डरवर आहे, चाला, खाण्याच्या वेळा सांभाळा, तीन-चार किलो वजन कमी करा. ताईंचं वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच, ‘म्हणजे मी काही जाडी नाही’. त्यांच्या आईला शुगर होती, जखम चिघळून पायाचा अंगठा काढावा लागला. त्या लिहितात, ‘आता मेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही, लेकाची दहावी पण आहे. जूनमध्ये पर्यटक बंद, मासेमारी बंद, तेव्हा एकदाच नीट सुरू करते, डाएट, योगा, चालणं सगळं. पाच महिन्यांनी असा काय मोठा फरक पडणार? दिवसभर पायावर तर असतेच. आणि आईचं नशीब माझ्या वाट्याला असेल तर ते चुकणार आहे का? नवऱ्याला यातलं काही पटत नाही, सासूबाई म्हणतात आमच्या टायमाक असली थेरां नाय होती. जूनपर्यंत थांबले तर चालेल ना?’ शेवटी दोन ओळी वेगळ्या लिहिल्यात: सकाळी मशेरी लावते, ती सोडायलाच हवी का, आणि ओट्स, चिया सीड्स आमच्याकडे मिळत नाहीत, त्याऐवजी काय खाऊ.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘झालं की’ आणि ‘संपलं की’ कितीदा आलंय ते बघितलं, सहा वेळा. दिवाळी झाली की रिपोर्ट काढते, ख्रिसमसची गर्दी संपली की डॉक्टरांना परत दाखवते, लेकाची परीक्षा झाली की, मे संपला की. प्रत्येक वेळी कारण खरंच आहे, त्यात एकही बहाणा नाही. ज्या घरात पन्नास माणसांचं जेवण दोन बायकांच्या हातून निघतं तिथे स्वतःसाठी वेळ काढ असं सांगणं सोपं आणि काढणं किती अवघड ते मला माहिती आहे. म्हणून वेळ काढा असं मी सांगणारच नाहीये. मला बोलायचंय ते तुमच्या जूनबद्दल.

जूनचं जे चित्र तुम्ही डोळ्यासमोर धरलंय ते एकदा नीट बघा. पाऊस लागला की आपल्याकडे चार-चार दिवस थांबत नाही, पाणंदीत चिखल, वाटेवर शेवाळ, तुम्ही चालणार कुठे? त्यात लेकाच्या अकरावीच्या अ‍ॅडमिशनची धावपळ, मग लावणी, मग गणपती. गणपतीत घर भरलेलं, मोदकांच्या वासात डाएट कोण करणार, आणि करूही नये. ऑक्टोबर लागला की परत गिऱ्हाईक. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी तुमच्या हाताला जेमतेम दोन महिने लागतात, आणि त्या दोन महिन्यांत मोकळ्या वेळेवर बेतलेलं जे रुटीन तुम्ही बसवाल ते पहिल्या लाँग वीकेंडलाच मोडेल, कारण ते मोकळ्या वेळेसाठीच शिवलेलं असेल. तुमचं वर्ष म्हणजे आठ महिने सीझन. जी सवय सीझनच्या धबडग्यात रुजेल तीच तुमच्याकडे टिकेल, जूनमध्ये ती आणखी सोपी होईल इतकंच. म्हणून जूनपेक्षा जानेवारी बरा असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी घाई करायची म्हणून म्हणत नाहीये.

आता ‘पाच महिन्यांनी काय फरक पडणार’. खोटं घाबरवायचं नाहीये मला, पाच महिन्यांत तुमच्या आईसारखं काही होणार नाही. पण तीन महिन्यांची शुगर म्हणजे काय ते बघा. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, रक्तात साखर जितकी जास्त तितकी ती त्या पेशींना जास्त चिकटते, आणि तेच या टेस्टमध्ये मोजतात. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ पासून डायबेटिस धरतात. म्हणजे तुम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात टेस्ट केलीत तर तो रिपोर्ट असेल मार्च-एप्रिल-मेचा, तुमच्या सगळ्यात वाईट खाण्याचा आणि सगळ्यात कमी झोपेचा. तेव्हा आकडा ६.४ आला की ६.६, हे सीझनचे ते दिवसच ठरवणार आहेत. आणि उलट बाजूने बघा, आज थोडं बदललंत तर एप्रिलच्या रिपोर्टमध्ये ते दिसायला लागेल, त्यासाठी वर्षभर वाट बघायची गरज नाही. ‘अजून डायबेटिस नाही’ यातला ‘अजून’ तुम्ही सवलत म्हणून वाचलात असं मला वाटतंय, डॉक्टरांना बहुतेक सांगायचं होतं की हात घालायची वेळ हीच आहे.

नशिबाचं म्हणाल तर आईला शुगर असली की मुलांचा धोका वाढतो, हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण धोका वाढणं म्हणजे होणारच असं नव्हे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने बॉर्डरवरच्या लोकांवर मोठा अभ्यास केला, २००६ मध्ये तो छापून आला. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन घरी पाठवलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला, आणि ज्यांच्या चालण्या-खाण्याचा नीट पाठपुरावा केला त्यांच्यात ३९ टक्के लोकांना. पूर्ण टळला नाही, पण फरक बघा, आणि ही आपल्यासारखीच भात खाणारी माणसं. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये अशाच बॉर्डरवरच्या लोकांना सहा वर्षं खाण्या-व्यायामाचं मार्गदर्शन दिलं आणि पुढे तीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांनी बदल केले त्यांचा डायबेटिस सरासरी जवळपास चार वर्षं पुढे गेला आणि हार्ट अटॅक, पॅरालिसिससुद्धा कमी झाले. चार वर्षं म्हणजे लेकाचं शिक्षण संपेपर्यंतचा काळ गोळी-इंजेक्शनशिवाय. मला हे फार मोठं वाटतं.

माझी मोठी बहीण वेंगुर्ल्याला शिवणकाम करायची. तिचंही असंच, लग्नसराई संपली की, शाळेचे युनिफॉर्म झाले की. साखर वाढलेली असताना तिला वर्षानुवर्षं काहीच दुखलं नाही, हीच तर या आजाराची वाईट गोष्ट, तो दुखत नाही. ५१ व्या वर्षी सुईत दोरा ओवता येईना म्हणून चष्म्याचा नंबर काढायला गेली तेव्हा कळलं की डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालाय. लेझर करून नजर बरीचशी वाचली, पण बारीक काम सुटलं ते सुटलंच. तिला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं असं नाही, मी स्वतःच सांगितलं होतं, पण ‘बघू गं’ म्हटल्यावर मी पण गप्प बसले. म्हणून तुमच्या पत्राला इतकं लांब उत्तर लिहितेय.

‘मी जाडी नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार जणांना गाफील ठेवतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक बारीक दिसतो पण चरबी पोटात साठवतो, म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात, तुमचा २४ च्या आसपास येतो. वजनकाटा राहू दे, घरातली शिवणाची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, बाईसाठी ८० सेंटीमीटर, पुरुषासाठी ९०, त्याच्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं. नवऱ्याचीही मोजा. आणि हे काही शहरातल्याच लोकांचं दुखणं राहिलेलं नाही, २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना डायबेटिस निघाला आणि सगळ्यात जास्त कुठे, तर शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. मासे-भात, नारळ, समुद्राची हवा त्यांच्याकडेही आहेच, आपल्याइतकीच.

‘दिवसभर पायावर असते’ हेही पूर्ण खोटं नाही. १९५३ मध्ये लंडनच्या डबल डेकर बसवर जेरी मॉरिस या डॉक्टरांनी अभ्यास केला होता, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी होता. म्हणजे कामातली हालचाल कामाला येते. पण कंडक्टर जिना चढायचा, त्याला दम लागायचा. तुम्ही शेगडीसमोर एका जागी चार तास उभ्या, पाय सुजतात, कंबर धरते, पण श्वास काही वाढत नाही. थकवा येणं आणि व्यायाम होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. आठवड्याला निदान १५० मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढंच माप आहे.

आता ही १५० मिनिटं कुठून आणायची. मी तुमच्या दिवसात बघितलं, दोन जागा सापडल्या. एक म्हणजे सकाळी मासे आणायला तुम्ही स्कूटीवरून जाता, अंतर किलोमीटरभर लिहिलंय. जाताना चालत जा, येताना टोपलीसकट रिक्षाने किंवा नवऱ्याच्या गाडीवरून या, किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर तिथवर वाळूतून चाला. ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, चालायला छान, पण भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ‘रोज सहाला किनाऱ्यावर’ असा नेम धरू नका, तो चौथ्या दिवशी मोडतो, भरती असेल तेव्हा सरळ रस्त्याने जा. मासे आणायला चालत निघालेल्या बाईला कोणी काही म्हणत नाही, त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’चाही प्रश्न मिटला. दुसरी जागा म्हणजे जेवणानंतरची दहा मिनिटं. खाल्ल्यावर लगेच चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे ओढून घेतात, म्हणून ही दहा मिनिटं फार मोलाची. खळ्यात, म्हणजे अंगणात, फेऱ्या मारा, फोनवर बोलत मारा, लेकाची उजळणी घेत मारा. आणि ताकदीसाठी एक गोष्ट, खानावळीतल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनदा, जमेल तसं वाढवायचं.

खाण्याचं लिहिताना मला तुमच्यासाठी जरा वाईट वाटलं. सकाळी चहा-खारी, मग दिवसभर चव बघणं, एखादा वडा, थोडी सोलकढी, पहिलं नीट जेवण साडेचारला, आणि तेही उरलेलं, रात्री अकराला परत भात. शेवटची पंगत उठल्यावर जेवायचं ही आपल्याकडच्या बायकांच्या अंगात मुरलेली गोष्ट आहे, पण उपाशी पोटी साडेचारला बसल्यावर कोणीही दुप्पटच जेवणार. माझी यातली सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे, बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पहिली पंगत बसायच्या आधी, साडेअकरा-बाराला, तुमचं स्वतःचं ताट वाढून घ्या आणि बसून जेवा, पंधरा मिनिटं लागतील. ताटात आधी भाजी आणि बांगड्याचं तिखलं किंवा तारल्यांची आमटी खा, भात त्याच्या मागून. मासे आणि भाजी आधी पोटात गेली की साखर जेवणानंतर कमी उसळते. भात सोडू नका, उकडा तांदूळ पॉलिशच्या तांदळापेक्षा बरा, पण उकडा असला तरी तो भातच, म्हणून एक वाटीच, आणि रात्री तो शक्यतो नको. तळलेली तुकडी गिऱ्हाइकाला, तुम्हाला कालवणातली. सुक्या बांगड्याने आणि लोणच्याने बीपीसाठी मिठाचं गणित बिघडतं, दिवसाचं सगळं मिळून मीठ एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं, तेव्हा ते आठवड्यातून एखाद्या वेळी.

चहाचा हिशोब मी केला. सात कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी आणि २५ च्या आत असेल तर उत्तम. म्हणजे खाण्याला हात लावायच्या आधीच, नुसत्या चहात तुमचा दिवसाचा कोटा संपतोय. एकदम बिनसाखरेचा प्याल तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल, म्हणून या आठवड्यात प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी, पंधरा दिवसांनी अजून अर्धा, आणि सातातले दोन कप बंद. जीभ सवयीने बदलते, महिन्याभरात आधीचा चहा गोडमिट्ट लागेल.

झोप तुमच्या हातात पूर्ण नाही, साडेबाराला आवरून साडेपाचला उठायचं म्हणजे पाच तास. कमी झोपेनेही शरीर साखर नीट वापरत नाही आणि दुसऱ्या दिवशी गोड खावंसं वाटतं ते वेगळंच. रात्रीची भांडी घासायला सीझनपुरती एखादी बाई ठेवता येईल का ते बघा. दिवसाला जो पगार द्याल त्यात तुमचा एक तास येतो. नाहीच जमलं तर दुपारी पाचला अर्धा तास आडव्या व्हा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

मशेरी. हो, सोडायलाच हवी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायला असली तरी निकोटीन हिरडीतून रक्तात जातंच आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच. न लावल्यास डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, असं तुम्ही लिहिलंय, ती सवय सुटताना होणारी तगमग आहे, पहिला आठवडा त्रासाचा, मग उतरत जाते. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथे माणसं बोलतात, मदत करतात. चालणं आणि मशेरी दोन्ही एकाच दिवशी सुरू-बंद करू नका, आधी चालणं आणि ताट बसू दे, दोन-तीन आठवड्यांनी मशेरीची तारीख ठरवा.

नवऱ्याला पटायची वाट बघू नका. पटवत बसण्यात महिने जातात आणि भांडणं होतात, त्यापेक्षा तुम्ही बाराला ताट घेऊन बसायला लागा, आठ दिवसांनी ते पण बसतील, नाही बसले तर तुमचं जेवण तर झालं. आणि एखाद दिवस चुकला म्हणून सगळं सोडायचं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर बघितलं होतं की नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कोणाला १८, कोणाला २५४, आणि मध्ये एखादा दिवस राहिला तर काही बिघडत नाही. आज धरलंत तर शिमग्याच्या आसपास तुम्हाला वेगळं ठरवावं लागणार नाही.

अशीच पत्रं आंबा बागायतदारांची येतात, आंबा उतरला की बघतो म्हणणारी, मुंबईतल्या चाकरमान्यांची येतात, रिटायर होऊन गावी आलो की म्हणणारी. त्यांनाही हेच, तुमच्या धावपळीच्या दिवसातच दहा मिनिटांची जागा शोधा. फक्त ज्यांना आधीच शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. चालताना छातीत दाब येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जात असेल तर चालणं थांबवून आधी तपासून घ्या, तिथे मात्र एक दिवसही थांबायचं नाही. तिशी ओलांडलेल्या कोणाचीही बीपी आणि शुगर सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात, आशाताईंना विचारा. आणि गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती त्यांनी नंतर सगळं नॉर्मल झालं म्हणून तपासणी सोडू नये.

ओट्स आणि चिया सीड्ससाठी कुडाळला किंवा मुंबईला कोणाकडे मागायची गरज नाही. नाचणीची भाकरी खा, तिच्यात फायबर आहे आणि १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आपल्या वयाच्या बायकांना ते हवंच. फक्त ती भाताच्या जोडीला नको, भाताच्या जागी. आणि रात्री अकराला भाताऐवजी कुळथाची पिठी आणि त्या भाकरीचा चतकोर, पोट भरतं आणि प्रोटीन पण जातं. कुळीथ भाजून दळण्याचं तुम्हाला जमत नसेल तर सासूबाईंना सांगा, ‘आमच्या टायमाक’ म्हणतात ना त्या, त्यांच्या वेळी रात्रीचं जेवण हेच असायचं. एप्रिलमध्ये टेस्ट केलीत की आकडा मला कळवा, कमी झाला तरी आणि नाही झाला तरी.